झिजलेल्या कॉलरची साक्ष

फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, कपाट रिकामं करायचंय. काय द्यायचं आणि काय टाकायचं एवढंच सांगा, बाकी मी सगळं नवीन घेईन."

मी कपडे शिवते. गेली काही वर्षं शिवण्यापेक्षा उसवून पुन्हा बसवण्याचंच काम जास्त असतं, त्यामुळे असे फोन मला येतात. या बाईंचं प्रकरण त्यांच्या परवानगीने, नाव न घालता लिहिते आहे. आम्ही दोघींनी साडेतीन महिने त्या कपाटावर काम केलं आणि त्यातून मला जे कळलं ते आधीच्या कुठल्याच कामात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

वय 47. नोकरी हिशेबाची. आईच्या आजारपणात पावणेदोन वर्षं घरी होत्या. आई गेल्या, आणि आता पाच आठवड्यांनी पुन्हा कामावर रुजू व्हायचं होतं. मधल्या काळात वजन वाढलं, कंबर साडेतीन इंचांनी वाढली, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर "मी काय घालत होते तेच आठवत नाही." कपाटात आतले कपडे सोडून 112 नग निघाले. घालायला मात्र काही नाही.

पहिल्या दिवशी मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. पलंगावर तीन ढीग लावले: आवडतं, आवडत नाही, माहीत नाही. दीड तासाने तिसरा ढीग सगळ्यांत मोठा झाला होता आणि त्या थकून खुर्चीत बसल्या होत्या. एकेक कपडा हातात घेतला की त्याच्या बाजूने बोलायला काहीतरी सुचायचंच. हे माणसाच्या स्वभावातच आहे. डॅनियल काहनेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकाल का म्हणून विचारलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत, ज्यांना तो विकत घ्यायचा होता त्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. हातात आलेली वस्तू आपली झाली की जड होते. म्हणून "ठेवू की टाकू" हा प्रश्न कपाटासमोर उभं राहून विचारला तर त्याचं खरं उत्तर मिळत नाही. मी ढीग मोडले आणि त्यांना विचारलं, "फाटेपर्यंत वापरलंत असं काय आहे?"

त्या जरा संकोचल्या. मग खालच्या खणातून, टॉवेलांच्या मागून, सात कपडे काढले. "हे दाखवण्यासारखे नाहीत," म्हणाल्या.

आमचं सगळं काम या सात कपड्यांवर उभं राहिलं.

त्यातला एक राखाडी-निळा सुती शर्ट मी खिडकीपाशी नेला. कॉलर जिथे दुमडते त्या घडीवर कापड विरून पांढरे धागे बाहेर आले होते, मानेच्या मागच्या बाजूला जास्त, टोकांकडे कमी. वरून तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने पुन्हा लावलेलं, तेही दोनदा, कारण जुन्या दोऱ्याची टोकं आतल्या बाजूला तशीच होती. दोन्ही बाह्यांवर कोपराच्या खाली चार बोटांवर एकेक आडवी घडी इतकी बसलेली, की इस्त्री फिरवूनही जात नव्हती. हा शर्ट नेहमी बाह्या दुमडून घातला गेला होता. खिशाच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा फिकट डाग. बाकी सगळं कापड ठणठणीत.

"हा किती वर्षं वापरलात?"

"अकरा असतील. ऑफिसात दर आठवड्याला. आईला दवाखान्यात नेतानाही हाच."

साती कपडे टेबलावर ओळीने मांडले आणि मी कागद पुढे केला. आवडीचा विषय काढायचा नाही, फक्त झीज वाचायची आणि जे दिसतं ते लिहायचं. पँटच्या खिशांच्या कडा घासून चकचकीत झालेल्या, म्हणजे हात सतत खिशात. काळ्या स्वेटरची कोपरं पातळ झालेली आणि वर गोळे. कृत्रिम धागा लोकरीत मिसळला की गोळे गळून पडत नाहीत, कारण तो धागा चिवट असतो आणि गोळ्याला धरून ठेवतो. ते वस्तऱ्याने हलक्या हाताने काढता येतात. दोन कुर्त्यांचे गळे बंद, दोन्हींच्या बाह्या कोपराच्या खाली. एका जॅकेटचं अस्तर खांद्यापाशी फाटलेलं, पण बाहेरून आकार जसाच्या तसा.

कागदावर जमलेली यादी अशी होती: कॉलर किंवा बंद गळा. दुमडता येईल अशी लांब बाही. खिसे. अंगाला न चिकटता स्वतःचा आकार धरणारं कापड. रंग मळकट निळे, राखाडी, मातकट, एखादा गडद हिरवा. नक्षी जवळजवळ नाहीच, असली तर बारीक उभी रेघ.

यादी वाचून त्या म्हणाल्या, "पण हे तर मी कधी ठरवलंच नव्हतं." बरोबर आहे. अकरा वर्षं रोज सकाळी हात ज्या कपड्याकडे गेला, तो हात ठरवत होता. स्वतःची शैली शोधायची म्हणून लोक आरशापुढे उभे राहतात, दुसऱ्यांचे फोटो जमवतात. मला वाटतं तिचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा झिजलेल्या कपड्यांत असतो आणि आपण नेमके तेच सर्वांत आधी टाकून देतो. "घर आवरलं" म्हणताना पहिला बळी त्यांचाच जातो, आणि कपाटात उरतात ते न वापरलेले, म्हणून चांगल्या स्थितीतले कपडे.

मग हँगरवरचे कपडे बाहेर काढले. तिथे सगळं उलटं. रुंद गळे, झुळझुळीत कापड, आखूड बाह्या, उठून दिसणारे रंग, आणि जवळपास कशालाच खिसे नाहीत. बऱ्याच कपड्यांमागे कुणाचं तरी वाक्य होतं: बहिणीने म्हटलं रंग खुलतो, सहकारी म्हणाली जरा वेगळं घाल की. एका केशरी ड्रेसवर त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या. "हा घेतला तेव्हा वाटलं होतं, आता मी अशी राहीन." तो दोनदा घातला होता. मी त्यावर काही बोलले नाही. अशी इच्छा खोटी नसते, पण सकाळी साडेसातला घाईत ती कामाला येत नाही.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. न वापरलेला कपडा म्हणजे न आवडणारा कपडा, हे गणित बहुतेक वेळा चुकतं. प्रत्येक नग अंगावर चढवून मी एकच विचारत होते, हात कुठे जातो? हिरवा कुर्ता घातल्याबरोबर त्यांचा हात डाव्या खांद्याकडे गेला. गळा रुंद आणि मागूनही खोल कापलेला, म्हणून खांदा घसरत होता. रंग त्यांच्या यादीतला, कापड उत्तम, आणि चार वर्षं तो नुसता टांगलेला. खांद्याच्या शिलाईला आतून बोटभर लांबीची पट्टी आणि टिचबटण लावलं की आतल्या पट्ट्याला तो धरून बसतो. वीस मिनिटांचं काम. करड्या पँटची चेन सारखी खाली यायची. निळ्या टॉपची काखेतली ओव्हरलॉकची शिलाई टोचायची. अशी नावं देता येण्यासारखी कारणं आम्हाला 29 कपड्यांत सापडली. त्यांतले 17 मी दुरुस्त केले.

कंबरेचा प्रश्न वेगळा. कपडा आत घेणं सोपं असतं, बाहेर काढणं शिलाईच्या आत किती दाब, म्हणजे जादा कापड, सोडलाय त्यावर. तयार कपड्यांत तो बहुतेक वेळा फारच थोडा असतो. पँटच्या मागच्या मधल्या शिलाईत कधी कधी इंचभर मिळतो, तो आम्हाला तीन पँटांत मिळाला. उसवल्यावर जुन्या शिलाईची रेघ आणि टोचे दिसतात, सुती कापडात ते धुतल्यावर बरेच बुजतात, चकाकणाऱ्या कापडात राहतात. बाकीच्या पँटांना कुशीत, म्हणजे बाजूच्या शिलाईत, त्याच रंगाची पाचर जोडली, वरून शर्ट आला की दिसत नाही. दोन पँटांच्या कापडातला ताणला जाणारा धागाच मेला होता. तो एकदा सैल पडला की पुन्हा आवळत नाही, त्या सरळ चिंध्यांत गेल्या. आणि खांदे मी शक्यतो बदलत नाही. खांदा हलवायचा तर बाही उतरवावी लागते, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो, आणि एवढं करून कपडा पूर्वीसारखा बसेल याची खात्री नसते. खांद्यातच चुकलेले पाच कपडे आम्ही बाजूला केले. त्यांच्या मनाला ते लागलं, कारण त्यांतले दोन महागाचे होते.

खिशांवर माझा जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. कुर्त्याच्या कुशीच्या शिलाईत खिसा बसवायला कापड लागतं दोन पंजांएवढं. कागदावर हात ठेवून भोवती सैलसर रेघ मारायची, त्याला शिलाईसाठी अर्धा इंच जास्त धरायचा. खिशाच्या तोंडाच्या पुढच्या कडेला उभ्या धाग्याची अरुंद पट्टी घालायची, नाहीतर फोनच्या वजनाने ती कड महिनाभरात लोंबायला लागते. त्या चिंध्यांत निघालेल्या सुती पँटच्या पायातून आम्ही सहा खिसे काढले. पहिला कुर्ता घालून त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि खांदे आपोआप खाली आले. तोवर आरशापुढे त्या पोट आत ओढूनच उभ्या राहत होत्या.

रंगांबाबत त्यांची पक्की समजूत होती की राखाडी त्यांना "मेलेला" दिसतो. मग झिजलेल्या कपड्यांत राखाडी कसा? खिडकीच्या उजेडात पाहिलं तेव्हा उलगडलं. राखाडी कुर्त्यावर त्या भडक लाल ओढणी घेत होत्या, तिच्या शेजारी राखाडी हिरवट आणि मळका दिसायचा. पॅरिसमधल्या गोबलँ या गालिचे-पडदे विणण्याच्या कारखान्यात मिशेल शेव्ऱ्योल हे रसायनतज्ज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. काळ्या रंगात जोम नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर काळ्या रंगात दोष सापडला नाही, फरक शेजारच्या धाग्यांच्या रंगाने पडत होता. त्यांनी यावरचं आपलं मोठं काम 1839 मध्ये प्रसिद्ध केलं. शेजारी जो रंग येईल तो आपल्या विरुद्ध रंगाची झाक पलीकडच्याला देतो, आणि राखाडी ती झाक चटकन घेतो. आम्ही त्याच राखाडीवर गडद निळी ओढणी टाकली आणि तो पुन्हा स्वच्छ दिसला. नवीन काहीच आणलं नव्हतं, दोन कपड्यांची जोडी बदलली होती. त्यानंतर त्यांना "हा रंग मला शोभत नाही" म्हणताना फारसं ऐकलं नाही. "कशाबरोबर?" हा प्रश्न त्या आपणच विचारू लागल्या. रंग जुळवायचे ते दिवसाच्या उजेडात, हेही त्यांनी लावून धरलं, कारण दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन काळे उन्हात एक निळसर आणि एक तपकिरी निघाला होता.

एक काम माझ्या हातून बिघडलं. फिक्या बदामी रंगाचं सुती जॅकेट होतं, बेतलं सुरेख, फक्त रंग त्यांना नको होता. मी ते गडद निळं रंगवलं. सुती कापडाने रंग छान घेतला, पण शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा निघाला आणि त्याने रंग घेतलाच नाही. प्रत्येक जोडावर, खिशावर, कॉलरच्या कडेने बदामी टाक्यांची रेघ उठून आली. आधी आतल्या बाजूने दोऱ्याचा तुकडा काढून जाळून पाहायला हवा होता: सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मला हे माहीत होतं आणि घाईत मी ते केलं नाही. सगळ्या शिलाया उसवून निळ्या दोऱ्याने परत मारते म्हटलं, पण त्यांनीच नको म्हटलं. ते जॅकेट त्या घालत नाहीत.

कामावर रुजू व्हायच्या आधी तीन आठवडे चाचणी घेतली. 30 कपडे बाहेर, बाकी पेट्यांत. रोज संध्याकाळी एका वहीत एवढंच लिहायचं: आज काय घातलं, आणि दिवसभरात ते किती वेळा ओढावं, सावरावं लागलं. कसे दिसलो हे मुद्दाम लिहायचं नव्हतं. कपड्याने आत्मविश्वास येतो असं सर्रास सांगतात आणि त्यासाठी हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांच्या 2012 च्या अभ्यासाचा दाखला देतात. डॉक्टरचा म्हणून दिलेला पांढरा कोट घातलेल्यांचं लक्ष जास्त एकाग्र राहिलं, असं त्यात आढळलं होतं. पण त्यातला पहिला प्रयोग 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त लोकांवर करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. म्हणून मी कुणाला कपड्यातून आत्मविश्वासाचं वचन देत नाही. हात किती वेळा कपड्याकडे गेला हे मात्र मोजता येतं.

वहीत दिसलं ते असं. त्यांना सर्वांत जास्त आवडलेला, आरशात सर्वांत देखणा वाटणारा मातकट टॉप दिवसात चौदा वेळा खाली ओढावा लागला. तो उभं राहून ठीक होता, बसल्यावर वर चढत होता, आणि त्यांचं काम बसून. पुढे प्रत्येक कपड्याचा फोटो खुर्चीत बसून घ्यायचा असं ठरलं. काळ्या पँटला शून्य. हिरव्या कुर्त्याला पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या आठवड्यापासून शून्य. नवव्या दिवसाच्या पानावर फक्त "विसरले" असं लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "अहो, आज अंगात काय होतं हे दिवसभर लक्षातच आलं नाही. घरी आल्यावर खाली बघितलं."

आईच्या कपड्यांना मी या चाचणीत धरलंच नाही. सहा नग होते, त्यांत लोकरीचा एक जुना स्वेटर, दवाखान्यात आईच्या अंगावर असायचा तो. कसरीच्या अळीने बाहीवर तीन भोकं पाडली होती. या अळ्या लोकर, रेशीम असल्या प्राणिज धाग्यांवर जगतात, शुद्ध सुती कापड त्यांना पोसत नाही, त्यामुळे बाकी कपाट सुखरूप होतं. भोकं रफू करून देऊ का विचारलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि नको म्हणाल्या. कीड मरावी म्हणून स्वेटर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवला, मग झाकणाच्या डब्यात. आठवणीचा कपडा रोजच्या कपड्यांत टांगला की दार उघडताच तो समोर येतो, आणि त्या सकाळी मग दुसरं काहीच ठरवता येत नाही. इतके महिने त्यांचं तेच होत होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

साडेतीन महिन्यांनी हिशेब मांडला, आणि हिशेब त्यांनीच केला. 112 पैकी 41 नेमाने वापरात. 6 डब्यात. 17 खिसे, अस्तरं आणि पुसण्याची कापडं होऊन संपले. 21 अशा ओळखीच्यांना दिले ज्यांनी ते अंगावर घालून पाहिले आणि हवेत म्हणून मागितले. यावर मी अडून बसले होते. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा नव्या कपड्यांत येत नाही. गाठोडं कुणाच्या तरी दारात ठेवून आलं की आपलं मन मोकळं होतं, कपड्याचं पुढे काय होतं हा प्रश्न तसाच राहतो. उरलेले 27 अजून पेटीत आहेत, केशरी ड्रेसही. त्याचं काय करायचं ते त्यांचं ठरलेलं नाही आणि मी घाई केलेली नाही. या काळात त्यांनी नवीन घेतली एक पँट आणि नव्या मापाचे आतले कपडे. ते मीच सुरुवातीला घ्यायला लावले होते, कारण आतलं माप चुकलं की वरचा एकही कपडा नीट बसत नाही.

हे सगळ्यांना असंच्या असं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. यांच्या कपाटात कापड चांगलं होतं, माप उसवून भागेल इतकंच बदललं होतं, आणि उसवणारा हात जवळ होता. ज्यांचं अंग याहून बरंच बदललंय त्यांना "आहे त्यात भागवा" म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी झीज वाचावी, यादी करावी आणि त्या यादीने घ्यावं. यादी घरातून निघते एवढंच.

राखाडी-निळ्या शर्टाचं सांगायचं राहिलं. कॉलर विरली म्हणून शर्ट टाकायचा नसतो. कॉलर आणि खालची पट्टी यांच्या जोडावरची शिलाई उसवायची, मध्यावर रंगीत दोऱ्याची खूण घालायची, कॉलर सुटी करून उलटायची आणि मध्याला मध्य लावून त्याच जागी परत शिवायची. विरलेली बाजू खाली जाते, कोरी बाजू वर येते. मात्र कॉलरच्या दोन्ही थरांचं कापड एकच हवं. इथे ते होतं. रुजू होण्याच्या दिवशी त्यांनी तोच शर्ट घातला, बाह्या दुमडून.

मागच्या आठवड्यात तो घेऊन पुन्हा आल्या. दुसरी बाजूही मानेपाशी विरायला लागली आहे. कॉलर एकदाच उलटता येते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पिशवीतून घडी घातलेलं एक कापड काढलं, कपाटाच्या वरच्या फळीवर कित्येक वर्षं पडून राहिलेलं, गडद निळं, बारीक उभ्या रेघेचं. "याच्यावर बसेल का?" मोजलं, बसतंय. शर्ट टेबलावर पसरून आम्ही कागदावर त्याचा खाका काढायला घेतला, आणि बाही चार बोटं वर दुमडून तिथे टाचणी लावून ठेवली.